निजायच्या खोलीला आपल्या हाताने चुना

जमीन सारवायची असली तर आपण कोणाला मजुरी देऊन बोलावत नाही. घरातल्या बाया शेणाचा काला करतात आणि तासाभरात सारवून मोकळ्या होतात. बोटांच्या खुणा कशा एका ओळीत उठतात, बघत राहावे. हाताला किती पाणी हवे, कुठे दाबायचे, कुठे हलके जायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

तेच हात भिंतीला चुना देऊ शकतात. पण चुन्याचे नाव काढले की आपण म्हणतो, "छे, ते रंगाऱ्याचे काम. आपल्याला नाही जमायचे." रंगाऱ्याला द्यायला पैसा नसतो. मग दिवाळी येते आणि जाते, आणि खोली तशीच काळी राहते.

रंगाऱ्याच्या हातात कसब असते, ते आम्ही नाकारत नाही. बंगल्याच्या गुळगुळीत भिंती त्यानेच रंगवाव्या. पण साध्या घरातल्या एका खोलीला चुना देणे हे पहिल्याच खेपेस कोणालाही जमण्यासारखे आहे. गावच्या शाळेच्या खोल्यांना सुटीत चुना देण्याचे काम आम्ही गावकऱ्यांबरोबर कितीतरी वर्षे केले. तेच इथे सांगतो.

या पाठापुरती एकच खोली घेऊ. निजायची खोली. घरातली सगळ्यात अंधारी खोली बहुधा हीच असते. बाळंतीण इथेच असते. आजारी माणूस इथेच पडून असतो. पोरे रात्रभर भिंतीला पाठ लावून झोपतात. बाहेरची ओसरी पाहुण्यांना दिसते म्हणून आपण तिला आधी रंग देतो. आमच्या मते ही उलटी रीत झाली.

केव्हा द्यावा

दसरा-दिवाळीच्या सुमारास चुना देण्याची आपली जुनी चाल आहे. ती विचाराची आहे. पावसाळा संपून भिंती वाळलेल्या असतात. ऊनही बेताचे असते. भर वैशाखात चुना दिला तर तो घटकाभरात सुकतो आणि मग त्याची नुसती पूड होते. हात लावला की हाताला येतो, सदरा टेकला की सदऱ्याला येतो. चुना हळूहळू वाळावा लागतो. तसे का, ते पुढे सांगू.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गडचिरोलीसारख्या भागात हिवतापाच्या डासांसाठी घराच्या आतल्या भिंतींवर औषध फवारतात. तुमच्या गावात तशी फवारणी होत असेल, तर चुना फवारणीच्या आधी द्या. फवारणीनंतर त्या हंगामात भिंतीला चुना नको, सारवणही नको. डास भिंतीवर बसतो आणि औषधाने मरतो. औषध चुन्याखाली झाकले गेले तर डास मरणार कसा?

आधी भिंत बघा

खोलीतले सगळे सामान बाहेर काढा. खाट, गोधड्या, पेट्या, खुंटीवरचे कपडे, देवादिकांच्या तसबिरी, सगळे. गोधड्यांना दिवसभर ऊन दाखवा. खाटेच्या सांध्यांवर आणि दोऱ्यांवर कढत पाणी ओता, म्हणजे ढेकणांचा बंदोबस्त होईल. आढ्यापासून खाली जाळीजळमटे झाडा. झाडताना नाकातोंडाला फडके बांधा.

मग हातात दिवा घेऊन भिंतीजवळून फिरा. दिवा भिंतीच्या कडेला धरला म्हणजे खड्डे, भेगा, फुगवटे सगळे दिसते.

जुन्या चुन्याचे पोपडे उलथण्याने किंवा खुरप्याने खरवडून काढा. पोपड्यावर नवा चुना दिला, तर पोपडा नव्या चुन्याला घेऊन खाली येतो. भिंतीवर पूर्वी तेलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग दिलेला असेल, तर तिच्यावर चुना धरत नाही. तो नाद सोडावा.

भेगा बुजवायच्या त्या भिंतीच्या जातीने. मातीच्या भिंतीला भुसा घालून कुजवलेली माती. चुन्याच्या गिलाव्याला एक वाटी विरवलेला चुना आणि तीन वाट्या बारीक वाळू. भेगेत आधी पाणी मारावे, मग भरावे. मातीच्या भिंतीत सिमेंट भरू नये. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंट तसे करीत नाही. वर्षभरात तो तुकडा सुटा होऊन पडतो.

भेगा नीट बुजवा. त्यात आळस नको. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची मोठी साथ आली होती. तेव्हा सरकारने घरोघर भिंतींना चुना दिला. तरी प्लेग हटला नाही. पुढे १८९८ साली कराचीत पॉल सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे भिंत पांढरी झाली, पण उंदराचे बीळ तसेच राहिले. ताजा चुना भिंतीवरची बुरशी मारतो, हे खरे. पण चुना दिला म्हणजे घरातला रोग गेला, असे नाही. उंदीर, ढेकूण, विंचू हे भेगेत राहतात. भेग बंद केली तर ते जातात.

आता लोण्याविषयी. म्हणजे खायचे लोणी नव्हे, भिंतीचा लोणा. पुष्कळ घरांत जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत भिंत ओलसर असते. गिलावा फुगतो. त्यावर पांढरी खारट बुकणी येते. लोक म्हणतात, "यंदा चुना चांगला नव्हता." चुन्याचा काही दोष नसतो. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. पाण्याबरोबर जमिनीतला खार येतो. पाणी वाऱ्याने उडून जाते आणि खार मागे राहतो. तोच गिलावा फोडतो.

यावर चुन्याचे दहा हात दिले तरी फळ नाही. खोलीच्या बाहेर जाऊन बघा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी साचते काय? न्हाणीचे पाणी तिथेच मुरते काय? भिंतीला लागून मातीचा किंवा शेणाचा ढीग आहे काय? आमच्या ओळखीच्या एका घरी खोलीची भिंत बारा महिने ओली असे. धाकट्या पोराचा खोकला हटत नसे. घरच्यांनी तीन वर्षे चुना बदलला, दुकान बदलले. शेवटी बघितले तर पाण्याचे पिंप भिंतीला टेकून ठेवलेले होते आणि ते तळाशी गळत होते. पिंप हलवले, चर खणून पाणी परसातल्या केळीकडे नेले, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात भिंत कोरडी झाली.

तेव्हा ओलीचे मूळ आधी काढा. खाराची बुकणी कोरड्या कुंच्याने झाडून बाहेर टाका. ती पाण्याने धुऊ नये, नाही तर ती परत भिंतीतच शिरते. ओल झाकायला म्हणून खाली सिमेंटचा पट्टाही मारू नये. पाणी मग सिमेंटच्या मागून आणखी वर चढते.

हिशेब

दुकानात जाण्याआधी पाटी-पेन्सिल घ्या. समजा, खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. भिंती ९ फूट उंच आहेत. चार भिंतींची लांबी मिळवा.

१२ + १० + १२ + १० = ४४ फूट.

त्याला उंचीने गुणा.

४४ × ९ = ३९६ चौरस फूट.

यातून दार आणि खिडकी वजा करा. दार ६ फूट उंच, ३ फूट रुंद, म्हणजे १८. खिडकी ४ फूट उंच, ३ फूट रुंद, म्हणजे १२. दोन्ही मिळून ३०. राहिले ३६६ चौरस फूट.

एवढ्या खोलीला तीन हात द्यायला ५ किलो कळीचा चुना घेऊन सुरुवात करावी. मातीची भिंत जास्त पिते, तिला थोडा अधिक लागेल. एक किलो चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी, हे प्रमाण. म्हणजे ५ किलोला २५ लिटर. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक घालतात. एक लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे २५ लिटरला १०० ग्रॅम. नीळ घालायची असली तर एक किलो चुन्याला ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ५ किलोला १५ ग्रॅम झाली. जास्त घातली की भिंत निळी दिसते. मग शेजारणी हसतात.

तुमच्या खोलीचे माप घ्या आणि हाच हिशेब पाटीवर करा. दुकानदाराने "दहा किलो तरी न्याच" म्हटले, तर पाटी त्याच्यापुढे ठेवता येईल.

चुना विरवणे

चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. भाजताना दगडातला एक वायू निघून जातो. आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तोच हा वायू, कार्बन डायऑक्साइड. उरलेला चुना पाण्याचा तहानलेला असतो. पाण्यात पडला की तो फसफसतो, कढतो, फुटतो आणि फुगतो. त्याला चूल लागत नाही. ही उष्णता त्याच्या पोटातच असते.

दुकानात घेतानाच पारख करा. एक खडा वाटीभर पाण्यात टाका. लगेच फसफसला तर चुना जिवंत आहे. नुसताच भिजत पडला, तर तो हवेतली ओल पिऊन केव्हाच मेला आहे. त्याचे पैसे देऊ नका. हल्ली पिशवीतून चुन्याची भुकटीही मिळते. ती बहुधा विरवलेलीच असते, तिला नुसते भिजवावे लागते. पहिल्यांदा काम करणाऱ्याने तीच आणली तरी हरकत नाही. काम त्याने सोपे होते.

कळीचा चुना आणलाच, तर तो अंगणात विरवा, घरात नको. लोखंडी पिंप किंवा मोठे लोखंडी घमेले घ्या. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते. ॲल्युमिनियमचे भांडे चुना खातो. आधी भांड्यात १२-१३ लिटर पाणी घाला. मग लांब दांड्याच्या फावड्याने एकेक खडा हळूच पाण्यात सोडा. चुना पाण्यात सोडायचा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतायचे नाही. ओतले तर सगळा ढीग एकदम कढतो आणि तोंडावर उसळतो. उकळत असताना वाकून बघू नये. लांब काठीने ढवळावे. पोरांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये. कुत्री-कोंबड्याही लांब ठेवाव्या.

फसफस थांबली की झाकून ठेवा आणि २४ तास हात लावू नका. पुष्कळ लोक इथे घाई करतात. न विरलेला बारीक खडा चुन्यात राहतो, भिंतीवर बसतो, आणि आठ दिवसांनी फुटतो. भिंतीला जागोजाग देवीच्या व्रणांसारख्या खळ्या पडतात.

दुसऱ्या दिवशी राहिलेले पाणी घाला आणि जाड्याभरड्या फडक्यातून गाळून घ्या. डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. बाभळीचा डिंक चालतो. काही ठिकाणी मीठ घालतात. आम्ही म्हणतो, निजायच्या खोलीत घालू नका. मीठ हवेतली ओल ओढते, आणि ओलीच्या मागे तर आपण एवढे लागलो होतो.

पांढरा नको, पिवळसर किंवा तांबूस हवा असेल तर पिवळी माती किंवा गेरू घाला. चुन्यात हे रंग टिकतात. बाकीच्या बाजारी भुकट्यांतल्या पुष्कळशा चुन्यात उडून जातात. रंग सगळा एकाच वेळी कालवा. दुसऱ्या खेपेला तोच रंग साधत नाही. ओला रंग गडद दिसतो, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर लावून एक दिवस वाळू द्या आणि मग ठरवा.

डोळे

हा भाग दोनदा वाचा. घरात वाचता न येणारे कोणी असेल, तर त्यांना वाचून दाखवा.

चुना अंगाला लागला तर कातडी भाजते. डोळ्यात गेला तर डोळा जातो. आम्ही पाहिलेले सांगतो. एका माणसाच्या डोळ्यात चुना विरवताना शिंतोडा उडाला. त्याने डोळा चोळला. घरच्यांनी तूप घातले. कोणी म्हणाले अंगावरचे दूध घाला, तेही घातले. संध्याकाळी आग थांबली म्हणून सगळे निवांत झोपले. दवाखान्यात नेला तो तिसऱ्या दिवशी. तोवर बुबुळ पांढरे झाले होते. तो डोळा परत आला नाही.

चुना डोळ्यात गेला की तो वरवर राहत नाही. आत आत जात राहतो. त्याला काढायला एकच औषध आहे, ते म्हणजे पाणी. पुष्कळ पाणी, आणि त्याच क्षणी. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या जवळ ठेवा. ते पाणी दुसऱ्या कशाला वापरू नका.

शिंतोडा गेलाच, तर चोळू नका. मान त्याच बाजूला कलती करा. दुसऱ्या माणसाने पापण्या बोटांनी उघड्या धराव्या आणि नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाण्याची धार धरावी. वरची पापणी उचलून तिच्या आतही धार सोडावी. चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावा. निदान अर्धा तास धार थांबवू नये. बादली संपली तर दुसरी आणावी. मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. वाटेतही पाणी घालीत राहावे. गाडी नसेल तर १०८ या क्रमांकावर फोन करावा. तूप, तेल, दूध, मध, लिंबू, यांतले काहीही घालू नये. आग थांबली तरी डॉक्टरकडे जायचेच.

हे होऊच नये म्हणून डोळ्यांना चष्मा लावा. चारी बाजूंनी बंद असा प्लॅस्टिकचा चष्मा अवजारांच्या दुकानात मिळतो आणि तो महाग नसतो. डोक्याला फडके, अंगात लांब बाह्यांचा जुना सदरा, हातात रबरी मोजे. मोजे नसले तर हातांना खोबरेल तेल चोळा.

ओघात आले म्हणून सांगतो. तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची पुडी किंवा डबीही तितकीच वाईट. पोरे ती दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. अशाने कितीतरी मुलांचे डोळे गेले आहेत. ती कोनाड्यात खाली टाकू नका. वर ठेवा. सोडून दिलीत तर फारच उत्तम.

हात देणे

विजेचा मेन बंद करा. ओली भिंत आणि खटका यांची गाठ पडू देऊ नका. खटक्यांवर कागद चिकटवा. चढायला धड शिडी घ्या. खाटेवर स्टूल आणि स्टुलावर आपण, असे करू नका.

वाखाचा कुंचा आणा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. कोरड्या कुंच्याचे केस भिंतीवर चिकटतात. कोपऱ्यांसाठी आणि खिडकीच्या कडांसाठी लहान ब्रश घ्या.

भिंतीवर पाणी शिंपडा. भिंत ओलसर हवी, ओघळ नकोत. कोरडी भिंत चुन्यातले पाणी एका घोटात पिऊन टाकते आणि चुना वर उघडा पडतो.

दारासमोरच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि दाराशी येऊन संपवा. वरून आरंभ करा. कुंचा बुडवा, भांड्याच्या काठावर निथळा. एकदा वरून खाली ओढा. त्यावरच खालून वर न्या. मग ओले आहे तोच उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. असा उभा-आडवा मिळून एक हात होतो. चुना तळाशी बसतो, म्हणून अधूनमधून ढवळत राहा. एक भिंत धरली की ती पुरी करूनच जेवायला बसा. मध्येच सोडली तर जोड दिसतो.

आता इथे पहिल्यांदा काम करणारा माणूस हमखास घाबरतो. हात देऊन झाला, तरी भिंत पांढरी दिसत नाही! नुसते ताकाचे पाणी मारल्यासारखी दिसते. खालचे डाग सगळे दिसतात. मग तो म्हणतो, "चुना पातळ झाला," आणि पुढचा हात खिरीसारखा दाट करतो. दाट चुना वाळताना तडकतो आणि महिन्याभरात त्याचे पोपडे पडतात. कोणी कोणाला फसवले की आपण म्हणतो, चुना लावला. दाट चुना लावणारा आपला आपणच फसतो.

चुना दुधाइतकाच पातळ हवा. तो ओला असताना दिसत नाही, वाळताना उठतो. याचे कारण असे. भट्टीत दगडातून जो वायू निघून गेला होता, तोच आता भिंतीवरचा चुना हवेतून परत ओढून घेतो. त्याचा पुन्हा दगड होतो. भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढतो म्हणा ना. पण हे व्हायला थोडी ओल लागते आणि वेळ लागतो. म्हणूनच वैशाखात देऊ नये म्हटले, आणि म्हणूनच दाट देऊ नये. दाट थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो.

एक हात पुरा वाळल्यावर दुसरा द्या. दिवसाला एक हात धरा. नव्या भिंतीला तीन हात लागतात. जुन्या, चांगल्या भिंतीला एक किंवा दोन पुरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडाल तेव्हा खोलीत उजेड जास्त आल्यासारखा वाटेल. खिडकी तेवढीच असते. काळी भिंत उजेड खाते, पांढरी तो परत टाकते.

वाळेपर्यंत

दारे-खिडक्या उघडी ठेवून खोली आपोआप वाळू द्यावी. तोवर ओसरीवर निजावे. थंडीचे दिवस असले म्हणजे कोणीतरी शहाणा म्हणतो, "शेगडी पेटवून ठेवा, लवकर वाळेल." बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. ठेवून तिथे झोपू तर मुळीच नका. जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे असे घडते आणि वर्तमानपत्रात येते.

दार आणि खिडकी

भिंती झाल्यावर लाकडाला तेलरंग द्यायचा असेल, तर थोडे सांगतो. पूर्वी तेलरंगात शिसे घालीत. शिसे पोटात गेले की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. मूल मग अभ्यासात मागे पडते, आणि आम्ही मास्तर लोक त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. भारत सरकारने २०१६ साली नियम केला. घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त असू नये. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसे लिहिलेले बघून घ्या. इंग्रजीत असले तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. बिननावाच्या डब्यातला सुटा रंग घेऊ नका.

जुन्या दारावरचा रंग त्याआधीचा असेल. तो कोरडा घासू नका, धूळ उडते. पाणी लावून ओल्या पॉलिश कागदाने घासा. तेव्हा पोरे आणि गरोदर बाई घरात नकोत. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून कागदात बांधा. तो उकिरड्यावर टाकला तर शेतात जाईल. आणि रंगीत जुनी फळी चुलीत घालू नका. तिच्या धुरात आणि राखेत शिसे असते.

तेलरंगाचा वास जाईपर्यंत, चार-सहा दिवस तरी, त्या खोलीत निजू नये. चुन्याला असा वास नसतो. भिंतीवर तळहात घासून बघा. थोडी पूड हाताला येईलच, त्याचे काही नाही. भिंत गार-ओलसर लागली नाही की खाट आत घ्या. पण ती भिंतीपासून चार बोटे लांब ठेवा, म्हणजे मागून वारा खेळतो.

चुना थोडा उरतो. तो फेकू नका. वर पाणी राहील असा मडक्यात ठेवला तर महिनोन् महिने टिकतो, उलट आणखी मऊ होतो. भेगा बुजवायला कामी येईल. मडक्याला घट्ट झाकण घाला, उंच फळीवर ठेवा, आणि बाहेरून कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहा, 'चुना'. लहान पोर काय आणि नवा पाहुणा काय, दोघांनाही ते दहीच वाटते.